मंगळवारच्या ओपीडीची महाअंतिम फेरी

खाजणवाडीच्या आरोग्य उपकेंद्रात डॉक्टर फक्त मंगळवारी येत आणि गावाने आपली दुखणी या वेळापत्रकात नीट बसवून घेतली होती. बुधवारी ताप आला तर माणूस तो पुढच्या मंगळवारपर्यंत पुरवून वापरी. सोमवारी आजारी पडणारा माणूस नशीबवान समजला जाई. दुपारी डॉक्टरांना पुढच्या गावी जायचं असल्यामुळे सगळ्यांना तपासणं कधीच जमत नसे. म्हणून लोक पहाटेच येऊन दारात चपला ओळीने लावत आणि भाकऱ्या भाजायला घरी जात. ओळीत चपला शहाण्यासारख्या उभ्या राहत, भांडत ती माणसं. त्यातच सलमाभाभींची शेरू नावाची बकरी मधून फिरून गेली की कुणाचा नंबर कुणाच्या पुढे होता, हे ठरवायला अर्धी सकाळ जाई.

अशाच एका मंगळवारी किशोरी आपल्या अडीच वर्षांच्या दिव्याचा खोकला घेऊन बाकावर बसली होती. किशोरीला टीव्हीवरच्या स्पर्धांचा नाद होता. गाण्याची, नाचाची, स्वयंपाकाची, माणसं एका घरात कोंडून भांडायला लावायची, कुठलीही चाले. दिव्या मांडीवर झोपली की एका हाताने तिला थोपटत आणि दुसऱ्या हाताने आवाज कमी करत ती बघे. कोण टिकणार, कोण घरी जाणार, हे तिला टीव्हीवरची बाई रडायला लागायच्या आधी कळे. हे ज्ञान घरात कुणी ऐकत नसे. सासू म्हणे आमटी उतू जातेय, आणि नवरा सिद्धेश बोटीवर असे. त्यामुळे ती जिथे बसेल तिथे समालोचन सुरू होई.

समोर गणपत शेतकाम सोडून गुडघा धरून उभा होता. किशोरी शेजारी बसलेल्या सलमाभाभींना म्हणाली, "ह्या गणपतकाकांका बघा. गुडघो दुखता, इतक्याच सांगतत. असो स्पर्धक पयल्याच फेरीत घराक जाता. दुखणा सगळ्यांकाच आसता, भाभी. आधी आपलो प्रवास सांगूक व्हयो."

सलमाभाभींचं बांगड्यांचं दुकान होतं. गिऱ्हाईक कसं गुंगवायचं हे त्यांना ठाऊक होतं, त्यामुळे त्यांना ते लगेच पटलं. पण त्याहून जास्त पटलं ते ओमकारला. ओमकार म्हणजे उपकेंद्रातला कंत्राटी सेवक. चपलांच्या भांडणात दर मंगळवारी त्याचीच कॉलर धरली जाई.

पुढच्या मंगळवारी दारात चपला नव्हत्या. तिथे मंडपवाल्याकडून आणलेली लाल खुर्ची होती, माईक होता आणि 'रुग्णनिवड प्रक्रिया, पर्व पहिले' असा फलक होता. प्रत्येक रुग्णाने खुर्चीवर बसून आपलं दुखणं सादर करायचं. परीक्षकांनी शेरा द्यायचा, जनतेने आवाज करायचा. ज्याच्यासाठी आवाज मोठा तो आत. परीक्षक म्हणून किशोरी आणि सलमाभाभी यांची बिनविरोध नेमणूक झाली. किशोरीने लग्नातली पैठणी काढली. आयुष्यात प्रथमच ती बोलत असताना माणसं गप्प होती.

प्रक्रिया अत्यंत पारदर्शक होती. तापाने फणफणलेला, मासेमारी बोटीवरचा एक तांडेल खुर्चीवर बसला आणि नुसता थरथरला. ऊर्जा चांगली आहे पण शब्द कमी पडतात, असा शेरा देऊन त्याला परत पाठवण्यात आलं. नर्मदाकाकीला दमा होता. तिचा श्वास मध्येच तुटत असल्याने कथेचा ओघ राहत नव्हता. तिला पुढच्या पर्वात जरूर या, असं सांगितलं आणि लोकांनी तिच्यासाठी टाळ्याही वाजवल्या. कुणाचाही अपमान होऊ नये याकडे किशोरीचं बारीक लक्ष होतं.

गणपत मात्र शिकत गेला. पहिल्या वेळी त्याने गुडघा दाखवला. दुसऱ्या वेळी हाच गुडघा टेकून आपण बहिणीच्या लग्नात नारळ कसे सोलले, ते सांगितलं. तिसऱ्या वेळी त्याने बहिणीलाच आणलं. ती रडली, सलमाभाभी रडल्या, शेरूसुद्धा ओरडली. गुडघा दर मंगळवारी पहिला येऊ लागला. खरं म्हणजे डॉक्टरांच्या गोळ्यांनी तो लवकरच बरा झाला होता, पण आता तो गणपतच्या एकट्याचा राहिला नव्हता. कणकवलीहून पोरं गाड्या भरून त्याला बघायला येत. त्यांना बसायला जागा हवी म्हणून रुग्णांना बाहेर उन्हात उभं करण्यात आलं, कारण रुग्णांना तसंही बरं वाटत नसल्यामुळे कार्यक्रमाचा आनंद घेता येत नव्हता. जत्रेत गोड खाजं विकणाऱ्या खाजेवाल्याने कंपाउंडात दुकान मांडलं. आत डॉक्टर एकटे बसून दाराकडे बघत. मग दार उघडे आणि गणपत येई.

महाअंतिम फेरीच्या दिवशी तालुक्याहून किनळेकर साहेब तपासणीला आले होते. आणि त्याच सकाळी दिव्याने काळा वाटाणा नाकात घातला.

सांबाऱ्यासाठी, म्हणजे वाटणाच्या आमटीसाठी, निवडायला घेतलेले वाटाणे होते. किशोरीची पाठ वळली तेवढ्यात एक आत गेला. किशोरीने बघायचा प्रयत्न केला तसा तो आणखी वर सरकला. वाटाणा ओलाव्यात फुगतो, हे तिला रोजच्या स्वयंपाकातून ठाऊक होतं, आणि दिव्याचं नाक तर कायम वाहतं. ती लेकीला कडेवर घेऊन अनवाणी धावली. परीक्षक आपणच आहोत, दार आपल्यासाठी उघडेल, याबद्दल तिला शंका नव्हती.

ओमकारने दारात हात आडवा धरला.

"वयनी, परीक्षकाच्या नात्यातलो स्पर्धक थेट आत जाणा नाय. खुर्चेर बसवा तेका."

"मेल्या, वाटाणो फुगतलो तिच्या नाकात. नियम माका सांगतंस? ते मीच केलंय."

"म्हणान तर तुमका मोडूक येवचे नाय," ओमकार आदराने म्हणाला.

दिव्याला लाल खुर्चीवर बसवलं. समोर एवढी माणसं बघून ती खूष झाली. तिने सगळ्यांना हात केला. लोक टाळ्या वाजवत होते म्हणून तिनेही वाजवल्या. एका नाकपुडीतून बारीक शीळ येत होती, तिचंही तिला हसू आलं. किशोरी माईकवर सांगत होती की पोरीला खरंच त्रास आहे, पण पोरगी हसत होती. सलमाभाभींनी डोळे पुसत जड मनाने शेरा दिला. तो किशोरीचाच होता, मागच्या महिन्यात पोटदुखीवाल्या एका हसऱ्या म्हाताऱ्याला दिलेला: दुखणं असून जो हसतो, त्याची गोष्ट आमच्यापर्यंत पोचत नाही. मग गणपत उभा राहिला, लंगडला, थोडा वेळ चुकीच्या पायाने लंगडला, आणि आवाजाने कौलं हलली. गणपत आत गेला. दार बंद झालं.

किशोरीने दिव्याला उचललं. तिच्या छातीवर डोकं टेकून पोरगी आता तोंडाने श्वास घेत होती, आणि तो गरम वारा किशोरीच्या गळ्याला लागत होता. तिने गर्दीवर नजर टाकली. खाजेवाल्याच्या दुकानाशी लवूकाका दिसले.

लवूकाका म्हणजे गावाचे मानकरी. देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. पाऊस असो, जत्रा असो, नवी बोट असो, ते देवापुढे उभे राहून गावाच्या वतीने मागणं मांडतात आणि प्रत्येक वाक्यानंतर सगळा गाव म्हणतो, 'व्हय म्हाराजा'. मागणं काय आहे हे कुणी ऐकत नाही. तो सूर कानावर पडला की तोंड आपोआप उघडतं. आमच्याकडची पोरं आई म्हणायच्या आधी ते शिकतात.

"लवूकाकानू," किशोरी म्हणाली, "माझ्या चेडवाचा गाऱ्हाणा घाला."

लवूकाकांनी हातातलं खाजं संपवलं, हात धोतराला पुसले आणि आकाशाकडे बघितलं.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या तुझ्या अंगणात तुझी लेकरा गोळा झाली हत रे म्हाराजा..."

कणकवलीच्या पोरांनी मोबाईल खाली केले. "व्हय म्हाराजा," सगळा गाव म्हणाला.

"ह्या बारक्या चेडवान अजाणपणी सांबाऱ्याचो वाटाणो नाकात घातल्यान, तेची चूक पदरात घे रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

"तो वाटाणो जसो गेलो तसो भायर काड, आणि तिचो श्वास मोकळो कर रे म्हाराजा..."

तिसऱ्या आरोळीला कौलांवरचे कावळे उडाले. दिव्या दचकली. तिने डोळे मोठे केले, तोंड उघडलं, थोडा वेळ तशीच थांबली आणि अशी काही शिंकली की वाटाणा थेट किनळेकर साहेबांच्या चहात पडला.

किशोरी खालीच बसली. लेकीचं शेंबडं तोंड तिने पदराने पुसलं आणि मुके घेतले, हसली, रडली. जनता नाचू लागली. साहेबांनी चमच्याने वाटाणा बाहेर काढला, उलटसुलट बघितला आणि ते विचारात पडले. विचारात पडलेला अधिकारी धोकादायक असतो, पण त्या आनंदात कुणाच्या लक्षात आलं नाही.

साहेब उठले. प्रमाण मराठीत बोलले. त्यांच्या डोळ्यांसमोर रुग्णावर यशस्वी उपचार झाला होता. त्यास औषध लागलं नव्हतं, उपकरण लागलं नव्हतं, डॉक्टरही लागले नव्हते. लोकसहभागातून झालेला हा उपचार पाहता सदर ठिकाणी डॉक्टरांचं नेमकं प्रयोजन काय, असा प्रश्न प्रशासनापुढे उभा राहत होता. प्रशासन मात्र एकतर्फी निर्णय घेत नसतं. डॉक्टरांनाही संधी मिळाली पाहिजे.

डॉक्टरांना खुर्चीवर बसवण्यात आलं. गळ्यात स्टेथोस्कोप तसाच होता.

"तुमचं दुखणं सांगा," ओमकार माईक देत म्हणाला.

"मला काही झालेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "फाटकाजवळ एक बाई धापा टाकतायत. त्यांना आधी आत घेऊ का?"

जनतेत जांभया सुरू झाल्या. कुणाचं लग्न नाही, कुणाचे नारळ नाहीत, एक अश्रू नाही. किशोरीचं मन आभाराने इतकं भरलेलं होतं की कुणाचंही वाईट व्हावं असं तिला वाटत नव्हतं. तरी सवयीने ती सलमाभाभींच्या कानात पुटपुटली, की माणूस बरो आसा, पण प्रेक्षकांक धरून ठेवूक जमणा नाय.

साहेबांनी गावाच्या पद्धतीचा मान राखायचं ठरवलं. त्यांनी लवूकाकांना विनंती केली. लवूकाका मान मिळाला की नाही म्हणत नसत.

"बा देवा म्हाराजा, ह्या डॉक्टरांका मंगळवारच्या दगदगीतसून कायमची मोकळीक दी रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणाला. गणपत म्हणाला, नर्मदाकाकी तुटक श्वासात म्हणाली, किशोरीच्या तोंडून निघून गेलं, कडेवरची दिव्याही बोबडं काहीतरी म्हणाली. आणि खुर्चीवरचे डॉक्टरही म्हणाले. ते याच जिल्ह्यातले होते, हे तेव्हा कळलं.

निरोपाचा भाग फार सुंदर झाला. डॉक्टरांनी बॅग भरली तेव्हा सगळे हुंदके देत होते. त्यांना खाज्याची पुडी दिली, स्कूटरला हार घातला. पोरांनी तो प्रसंग मोबाईलवर घेतला आणि गावाने कित्येक दिवस परत परत बघितला. मंगळवारचा कार्यक्रम आता अधिकच रंगतो. मध्येच कुणाला तपासायला आत पाठवावं लागत नाही, त्यामुळे रसभंग होत नाही.

पुढे पावसाळा लागता लागता दिव्याला ताप भरला. मंगळवारच होता. किशोरीने लवूकाकांना बोलावलं, गाऱ्हाणं झालं, गाव दोनदा गरजला. ताप वाटाण्यासारखा नव्हता. तो हलेना. तिने पोरीला पदरात गुंडाळून तालुक्याच्या कचेरीत फोन लावला आणि सांगितलं, आमचे मंगळवारचे डॉक्टर आता खंय आसतत, तेवढा सांगा.

"कोणते डॉक्टर?" पलीकडची बाई म्हणाली. "नाव सांगा. नावाशिवाय सापडत नाही."

किशोरीने ओमकारला विचारलं. ओमकारने सलमाभाभींना. ज्याचा गुडघा त्या माणसाने दर मंगळवारी हातात घेतला होता, तो गणपतही डोकं खाजवू लागला. शेवटी बाई म्हणाली की आठवलं की परत फोन करा, आणि फोन ठेवला. दिव्याला घेऊन किशोरी कणकवलीच्या एसटीत चढली.

तुम्ही गालातल्या गालात हसत असाल, की काय हे लोक. हसा. गणपत तुम्हाला पाठ झाला आहे, लवूकाका झाले आहेत, वाटाणा ज्यांच्या चहात पडला ते साहेब झाले आहेत, सलमाभाभींची बकरीसुद्धा नावानिशी लक्षात आहे. डॉक्टर तर पहिल्या वाक्यापासून इथे होते. त्यांचं नाव काय, असं तुम्ही तरी कधी विचारलंत?