खळ्यातलं विमान

परचुरे विमान उडवायला उभे राहिले की पहिलं वाक्य ठरलेलं असे. "जरा सरक. डोक्याला तार लागेल."

त्यांच्याजवळ कुणी नसे. मी असे, पण वीस पावलं लांब, विमान धरून ओणवा बसलेला, आणि मला ते नाना म्हणत, अहो-जाहो करत. तेव्हा सरकायचं कुणी, हा प्रश्न मला पहिल्याच दिवशी पडला. विचारलासुद्धा.

"कुणाशी बोलता?"

"इंजिनाशी."

इंजिन माझ्या हातात होतं. पण मी स्वतः चाळीस वर्षं बैलांशी बोललेला माणूस. यंत्राशी बोलणाऱ्याला वेडा कुठल्या तोंडाने म्हणू? मान हलवली आणि विमान नीट धरलं.

हे विमान माणसांनी बसायचं नव्हे. दोन हात रुंद पंख, हलकं लाकूड, वर चिकटवलेला पातळ कागद, नाकाशी लिंबाएवढं इंजिन. डाव्या पंखातून दोन बारीक पोलादी तारा निघतात आणि त्यांचं दुसरं टोक मध्ये उभ्या असलेल्या माणसाच्या मुठीत, एका लाकडी हँडलला. मनगट एकीकडे कललं की विमान चढतं, दुसरीकडे कललं की उतरतं. जायचं मात्र गोलच. मधला माणूस त्याच्याबरोबर फिरत राहतो. टाकीतलं तेल संपेपर्यंत थांबायची सोय नाही.

मी चौथी शिकलो, तीही मास्तरांच्या मेहेरबानीने. पण हे समजायला मला कॉलेज लागलं नाही. मळणीला खळ्याच्या मधोमध तिवड्याचा खांब रोवायचा, त्याला बैल बांधायचे, बैलांनी कणसं तुडवत गोल फिरायचं. इथे खांबाच्या जागी परचुरे आणि बैलांच्या जागी विमान. फरक एवढाच की आमचा तिवडा बोलत नसे.

आणि जागा खळ्याचीच होती. वारज्यात आमची शेती होती तिच्यावर आता सोसायट्या आहेत. त्यांतल्याच एकीत मी दुसऱ्या मजल्यावर राहतो, जिथे भुईमूग व्हायचा त्याच्या बरोबर वर. सगळं गेलं, पण खळ्याचा तुकडा मी दिला नाही. मुलगा म्हणतो, "आबा, तिथं ठेवलंय काय?" मी म्हणतो, काही ठेवलेलं नाही, म्हणूनच देत नाही.

परचुरे समोरच्या फ्लॅटात राहायला आले ते एकटेच. जन्म शहरातल्या पेठेत गेला, नोकरी एका कारखान्यात नकाशे काढायची. आल्या आठवड्यातच हा माणूस बूट घालून माझ्या खळ्यात शिरलेला दिसला. मी खाली उतरलो.

"पायातलं काढा."

"का? देऊळ आहे का इथे?"

"खळं हाय."

"मग धान्य कुठे आहे?"

"तुमच्या पोटात."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "उत्तर बरं आहे," म्हणाले. मग खाली बसून बूट काढले, मोजे काढले, मोज्यांच्या घड्या घालून त्या बुटात ठेवल्या. त्यानंतर हा माणूस कायम अनवाणी उडवत आला. दगड टोचला तरी कधी कुरकुर केली नाही.

त्याच दिवशीची आणखी एक गोष्ट. माझा बाप जिथे तिवडा रोवायचा तो खड्डा भरून जमाना झाला. वरून काही म्हणजे काही दिसत नाही. जागा मला एकट्याला ठाऊक. परचुरे सगळ्या मोकळ्या रानात एक फेरी मारून आले आणि नेमके त्या जागी जाऊन उभे राहिले. टाच दोनदा आपटली. म्हणाले, "इथे जमीन धरून ठेवते."

माझ्या अंगावर काटा आला. भुताखेतांना मी मानत नाही. मसणवटीशेजारच्या पिकात राखणीला एकटा झोपलेला माणूस आहे मी. थंडीचा काटा असेल, म्हणून सोडून दिलं. दिवस वैशाखाचे होते हे मागाहून सुचलं.

विमान सुटेपर्यंत धरायला कुणीतरी लागतं. ते काम माझ्याकडे आलं. मी मागितलं नव्हतं. "तुमचे हात कापत नाहीत," एवढंच परचुरे म्हणाले. माझ्या वयाच्या माणसाला याहून मोठं सर्टिफिकेट कोण देणार? दर रविवारी सकाळी सातला मी हजर.

त्यांच्या घरात कपडे वाळत घालायच्या दोरीला विमानाच्या फासळ्या चिमट्यांनी लटकलेल्या. स्वयंपाकघरात रॉकेल, एरंडेल आणि ईथर यांचं मिश्रण गुलाबपाण्याच्या बाटल्यांत भरलेलं. बाटल्यांवर सुबक अक्षरात 'पिऊ नये'. उजव्या हाताच्या तर्जनीला चामड्याची टोपी, कारण पंख्याला बोटाने झटका देऊन इंजिन चालू करायचं आणि पंखा उलटला तर तो बोट सोडत नाही. जिन्यात सदा ईथरचा वास. सेक्रेटरींनी लेखी तक्रार केली की जिन्यात हॉस्पिटलासारखं वाटतं. परचुऱ्यांनी लेखी उत्तर दिलं, "हॉस्पिटलातून माणसे बरी होऊन घरी येतात असे ऐकून आहे. तक्रारीचे कारण कळावे."

त्यांचा एक ठरलेला शब्द होता. "तार सांगते." दूध नासलं, तार सांगते. लिफ्ट बंद पडणार, तार सांगते. एकदा त्यांनी ते हँडल माझ्या मुठीत दिलं आणि स्वतः वीस पावलांवर विमानापाशी जाऊन शेपटीची पट्टी एका बोटाने हलवली. माझ्या मुठीत कुणीतरी हळूच बोट धरून ओढल्यासारखं झालं. मी पटकन हँडल खाली ठेवलं.

"कळलं?" परचुरे तिकडून म्हणाले. "पलीकडे कोण आहे ते तार सांगते."

खराडीला कॉम्प्युटरची नोकरी करणारा एक साहेब सोसायटीत आहे. तो एकदा रिमोटवरचं विमान घेऊन आला. "अंकल, वायरलेस घ्या ना. कुठेही जातं."

"कुठेही जाणारं माझं कसं?" परचुरे म्हणाले. "त्याला नुसतं सोडून देणं म्हणतात." साहेब परत आला नाही.

आता जे सांगतो ते मी कुणाला सांगितलेलं नाही. सोसायटीतली कुत्री खळ्यातून कधी आडवी जात नसत. विमान नसतानाही कडेकडेने वळसा घालून जायची. शहाणी असतील म्हणून मी तेही सोडलं. पण एका रविवारी विमान उतरल्यावर मी मध्ये गेलो आणि धुळीत परचुऱ्यांच्या पावलांचे ठसे पाहिले. जागच्या जागी फिरणाऱ्या माणसाचे ठसे एकावर एक पडतात. हे तसे नव्हते. जात्याभोवती फिरावं तशी पावलांची गोल वाट होती, आणि तिच्या मध्ये एक पाट मांडता येईल एवढी जागा कोरी. एकही पाऊल त्यात पडलेलं नाही. बरोबर तिवड्याच्या खड्ड्यावर.

मी तिथे पाय ठेवणार तोच परचुरे म्हणाले, "नाना, तिथे नको."

आवाज चढवला नव्हता. तरी मी पाय मागे घेतला. माझ्याच खळ्यात.

कळलं ते पावसाळ्यानंतर. विमान उतरलं आणि परचुरेही खाली आले, भिंत खचावी तसे. डोळे मिटून पडून राहिले, आणि मूठ तशीच बंद. मी त्यांना घरी आणलं, चहा केला. डॉक्टरांनी चक्कर सांगितली आणि गोल फिरणं कायमचं बंद केलं. नागपूरच्या लेकीने फोनवर सांगून टाकलं की मी न्यायला येतेय.

मी माझ्या परीने तोड काढली. "आपण तिवडा रोवू. तार त्याला बांधा. विमान फिरंल, तुम्ही बसून बघा."

"विमान म्हणजे बैल नव्हे, नाना. पलीकडे हात लागतो."

"मग काय करायचं?"

परचुऱ्यांनी चहाचा कप बाजूला सारला. म्हणाले, "छत्तीस वर्षं तुमच्या जागी आमची ही बसायची. विमान धरायला. चिखलात, उन्हात, पातळाचा ओचा खोचून. मी मध्ये. एकदा म्हणाली, मला द्या की एकदा. मी म्हटलं, पुढच्या रविवारी. वारा बरा नाही, मनगटाला सवय नाही, नवीन विमान आहे, पुढच्या रविवारी. मग ती ईथरच्या वासात गेली, तिथून आलीच नाही."

मी त्यांचा कप बशीने झाकला.

"मी सुरू केलं की ती मध्ये येऊन उभी राहते," परचुरे म्हणाले, वाणी नाक्यावर आहे असं सांगावं तसं. "सहा वर्षं झाली. मी नुसतं सरक म्हणतो. हँडल दिलं नाही अजून."

"का?"

"दिलं की झालं. मग कशाला येईल ती?"

मी उठलो आणि त्यांचा चहा पुन्हा गरम करायला नेला.

लेक रविवारी संध्याकाळी येणार होती. शनिवारी मी डोकावलो तर परचुरे हँडलच्या मनगटदोरीला टाके घालत होते. हँडल हातातून निसटलं तर विमान जाऊ नये म्हणून ही दोरी मनगटात अडकवतात. त्यांनी फासा एवढा लहान केला होता की माझी चार बोटं जेमतेम जातील.

"हा तुमच्या हातात जाणार नाही."

"मला कुठे घालायचाय?" परचुरे म्हणाले. "उद्या सातला या."

रविवारी धुकं पडलं. ओढ्याकडून आलेलं ते सोसायट्यांच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत चढलं होतं. कावळासुद्धा ओरडत नव्हता. धुक्यात उडवायचं नाही हा परचुऱ्यांचाच नियम. मी आठवण दिली. ते म्हणाले, "दुसरा रविवार नाही."

इंजिनाला झटका दिला. पहिल्याच झटक्याला लागलं, जे कधी होत नसे. मी विमान धरून बसलो. परचुरे तारेच्या कडेकडेने मध्ये चालत गेले, आणि दहाव्या-बाराव्या पावलाला धुक्याने त्यांना पुसलं. मग आतून आवाज आला, "सोडा."

मी सोडलं. विमान डोळ्यांपुढून गेलं आणि नाहीसं झालं. उरला आवाज. डावीकडून यायचा, तोंडावर वारा मारून जायचा, लांब जायचा, पुन्हा यायचा. मी पहिल्यांदाच कान देऊन वाट बघत होतो, आणि आज 'सरक' ऐकू आलं नाही.

ऐकू आलं ते असं. "ये. अशी पुढे ये. मनगट सैल नको. माझ्याकडे नाही, विमानाकडे बघ. घे."

दोन फेऱ्या गेल्या. मग धुक्यातून कुणीतरी वाकून, डोक्यावरची तार चुकवत, माझ्याकडे येताना दिसलं. परचुरे होते. दोन्ही हात रिकामे. माझ्या शेजारी ओल्या मातीत बसले आणि हात मांडीवर ठेवले.

विमान फिरतच होतं.

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. आवाज मोजत बसलो. तीन. चार. पाचव्या फेरीला आवाज वर चढला, एवढा वर की आता आपटणार, आणि अलगद खाली आला. परचुऱ्यांच्या तोंडून हुंकार निघाला, शाबासकीचा. अकरा फेऱ्या मी स्वतः मोजल्या. मग तेल संपलं. इंजिन थांबलं की नुसती सळसळ उरते, वाऱ्यात धोतर वाळावं तशी. मग चाकं जमिनीला टेकली, एकदा उडाली, टेकली. सगळं शांत झालं.

परचुरे उठेनात. म्हणून मी आत गेलो.

खांब नव्हता. खुंटी नव्हती. मी वाकून हाताने माती चाचपली, खात्री करूनच सांगतो. तारा ताठ होत्या, त्यांच्या टोकाला विमान तिन्ही चाकांवर उभं होतं, कागद कुठे फाटलेला नाही. आणि तिवड्याच्या जागी, त्या कोऱ्या तुकड्यात, हँडल नीट उताणं ठेवलेलं.

मी ते उचललं. धुक्यात माझी बोटं बधिर झाली होती. माती गार होती, तारा गार होत्या. हँडलचं लाकूड मात्र गरम होतं. आत्ताच कुणीतरी सोडलेलं असावं तसं.

मी बाहेर आलो. परचुरे समोर बघत बसले होते, चष्म्यावर धुकं साचलेलं, ते पुसलेलंही नाही.

"कसं उडवलं तिने?" त्यांनी विचारलं.

मी चौथी शिकलेला माणूस आहे, पण खोटं बोलत नाही. "हात स्थिर होता," मी म्हटलं.

आणि ते हँडल त्यांच्या मुठीत दिलं. म्हटलं, "धरा लवकर. गार व्हायच्या आत."