झाका, उघडा, झाका

ठमीची दुधाची बाटली, टोपी, मलमाची डबी, झालंच तर डायपरची पिशवी. तिच्या आईनं या सगळ्यांवरची कंपन्यांची नावं आदल्या दिवशीच काळ्या चिकटपट्टीनं झाकून टाकली होती. तिकिटामागच्या बारीक अक्षरातल्या अटी वाचणारी ती बहुधा एकमेव प्रेक्षक असावी. प्रायोजकाखेरीज दुसऱ्या कुणाचं नाव दिसलं, तर प्रवेश नाकारायचा कायदेशीर हक्क आयोजकांना होता. आणि आज आत जायलाच हवं होतं. धाकट्या बहिणीच्या गेल्या तीन शर्यती ठमीच्या सर्दीपडशापायी हुकल्या होत्या. "ही चौथी चुकवलीस तर बघ, ताई. बोलायचीच नाही मी," धाकटीनं बजावलं होतं.

फाटकावरच्या सुरक्षारक्षकानं बाटली उलटीपालटी केली. "पट्टीखाली काय दडवलंय?"

"कंपनीचं नाव."

"झाकलेली वस्तू आत जात नाही. काढा."

तिनं नखांनी खरवडून पट्ट्या काढल्या. चार पावलांवर प्रायोजकांच्या माणसाचं टेबल होतं.

"अहो मॅडम, ही तर विरोधी कंपनीची बाटली! झाका." त्यानं उदार मनानं स्वतःची चिकटपट्टी पुढे केली.

झाकून ती निघते न निघते, तोच रक्षक धावत आला. "तपासणीनंतर वस्तूत बदल केलात. पुन्हा रांगेत या."

"यांनीच झाकायला लावलं ना!"

"त्यांच्याकडे जाहिरात. बॉम्ब माझ्याकडे."

"बॉम्ब? अहो, दूध आहे ते!"

"ते पट्टी काढल्यावर कळेल."

तिसऱ्या फेरीला ठमीनं भोकाड पसरलं. आईनं दोन टेबलांच्या मधोमध फतकल मारली आणि बाटली सरळ लेकीच्या तोंडात दिली. दोघेही नियम हातात घेऊन बघत राहिले. आत शर्यतीचा बार उडाला. आई अर्धवट उठली नि पुन्हा बसली. ठमी मात्र निवांत चोखत होती. दूध संपल्यावर आईनं रिकामी बाटली पिशवीसकट रक्षकाच्या हाती कोंबली. "घ्या. आता झाका नाहीतर उघडा!"

ती आत धावणार, तोच समोरून बूट हातात घेतलेली धाकटी आली.

"ताई! तू... पाहिलंस?"

रक्षकाला ताईची दया आली. "पाहिलं म्हणजे काय! पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं ताईंनी."

धाकटीचा चेहरा खर्रकन उतरला. "म्हणजे बार व्हायच्या आधीच पळाले नि बाद झाले, तेसुद्धा?"

"छे गं," ताई म्हणाली, "नेमकी तेव्हाच मी ठमीला दूध पाजत होते."

धाकटीनं ठमीचा गालगुच्चा घेतला. "गुणाची गं माझी बाय! पुढच्या शर्यतीलाही हिला नक्की आण."