टोपीमामाच्या टोपीचा तपास

कुरकुंभच्या एका कारखान्याच्या फाटकावर मी वॉचमन आहे, अशी लोकांची समजूत आहे. वस्तुतः तेथे पुणे जिल्ह्यातील सर्वांत तल्लख गुप्तहेर पाळी करतो. माझी नजर घारीची, कान सशाचे. नाकाबद्दल मात्र सर्दीमुळे खात्री देता येत नाही.

१९९४ च्या फेब्रुवारीत मी सुट्टीवर कवठे येमाईला घरी आलो होतो. टीव्हीवरच्या मुलांच्या कार्यक्रमातील टोपीमामाची जी काळी लोकरी टोपी पुढे पोरे वहीत काढू लागली, ती आमच्या शेजारच्या पुतळाबाईने शिवली होती. दुपारी चारला कार्यक्रमवाल्यांची जीप ती न्यायला येणार होती आणि कार्यक्रमाच्या शेवटी पुतळाबाईचे नाव पडद्यावर झळकणार होते. सकाळी टोपी दोरीवरून नाहीशी झाली.

“म्हाळूभावजी, माझं नाव आजवर फकस्त रेशनकार्डावर आलं,” पुतळाबाई म्हणाली. “तेबी चुकीचं.”

मी तपास हाती घेतला. टोपीची गरज टकल्यांना, हे उघड होते. गावातील अकरा टकल्यांना मी उन्हात ओळीने उभे केले. चोर टोपी घालील, असा माझा कयास होता. दहा जण उपरणे गुंडाळून उभे राहिले आणि अकरावा जेवायला गेला.

मग मी वाऱ्यावर संशय घेतला. त्याची दिशा शोधण्यासाठी स्वतःची टोपी हवेत उडवली. ती विहिरीत पडली. आता गावात दोन टोप्या बेपत्ता होत्या.

“तुमचं झालं आसंल तर एक इचारू?” माझी पत्नी गिताबाई म्हणाली. “म्हस्कूआबाची मेंढी कालपासून मेल्या कोकरासाठी वरडत व्हती. आज गप का हाय?”

प्रश्न तपासाबाहेरचा होता. तरीही मी तिच्यामागून म्हस्कूआबाच्या मेंढरांच्या वाड्यावर गेलो. मेंढी एका परक्या, पोरक्या कोकराला पाजत होती. कोकराच्या पाठीवर टोपी होती.

“घोंगडीचा तुकडा पडल्याला दिसला,” म्हस्कूआबा शांतपणे म्हणाले. “मेल्या कोकराला घासला आन् ह्याला घातला. वास वळखीचा आल्याबगर मेंढी दुसऱ्याचं पोर घेती व्हय?”

जीप आली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. पुतळाबाईने टोपीकडे हात नेला आणि मागे घेतला.

“पिऊन होऊ द्या,” ती जीपवाल्यांना म्हणाली. “आत्ता काढली तर मेंढी त्याला लाथ मारंल.”

अर्धा तास जीप उभी राहिली. शेवटी निघाली ती टोपी दुधाने भिजलेली, एका बाजूने चघळलेली. पुतळाबाईने ती मान खाली घालून दिली. जीपमधून टोपीमामा स्वतःच आला होता; त्याने ती डोक्यावर चढवली, तशी ओली कड डाव्या डोळ्यावर लोंबली. त्याने जीपच्या आरशात पाहिले आणि हसत सुटला.

“बाई, हिला आता कुणी सरळ करायचं नाही.”

पुढच्या रविवारी आमच्या टीव्हीसमोर निम्मा गाव बसला. अखेरीस पडद्यावर अक्षरे आली : टोपी – पुतळाबाई. तिने उठून पदराने टीव्हीची काच पुसली.

माझे नाव कुठे दिसते का, हे मी घारीच्या नजरेने पाहत असतानाच म्हस्कूआबा पुढे सरकले.

“आन् कोकराचं कवा येतंय?”