एका नळीतले दहा जण

शेजारच्या इमारतीतल्या दहा माणसांना शुक्रवारी घरात डांबलं, त्याच दिवशी याछिनने ठरवलं की आपल्या नळीत कोण असावं हे आपणच निवडायचं.

साथीच्या त्या दुसऱ्या हिवाळ्यात देवदार वसाहतीत दर दोन दिवसांनी घशाची तपासणी होई. दहा जणांच्या घशातून फिरवलेल्या दहा काड्या एकाच नळीत जात. नळी बिघडली, म्हणजे तिच्यात रोग सापडला, की दहाही जण घरात बंद, पुन्हा एकेकाची तपासणी होईपर्यंत. शुक्रवारच्या नळीत दोष होता एका न्हाव्याचा, आणि भोगलं एका नवरीने. लग्नाच्या दिवशी ती बिचारी तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून पाहुण्यांना हात हलवत होती.

याछिनचं लग्न नव्हतं, पण त्याहून मोठं काहीतरी होतं. पुढच्या शनिवारी विद्यापीठाच्या वरच्या पदवीची प्रवेश परीक्षा होती. ती वर्षातून एकदाच येते. पहिल्या वर्षी याछिन चार गुणांनी हुकली, दुसऱ्या वर्षी अकरा गुणांनी, म्हणजे प्रगती उलट्या दिशेने चालली होती. यंदा तिने छापखान्यातली नोकरी सोडली, केस कापून टाकले आणि इंग्रजीचे साडेपाच हजार शब्द भिंतीला चिकटवले. परीक्षेच्या दारात अठ्ठेचाळीस तासांच्या आतला निर्दोष निकाल दाखवावा लागणार होता. म्हणजे गुरुवारची तपासणी. त्या नळीत कुणी न्हावी निघाला तर वर्ष पाण्यात.

तिने शब्दांच्या शेजारी एक तक्ता लावला. इमारतीतली अठ्ठावीस घरं, कोण किती वेळा बाहेर पडतं, कुणाकडे कोण येतं. प्रत्येक फेरीला एक गुण, आणि ज्याचे गुण कमी तो उत्तम. परीक्षेचा अभ्यासही तिने इतका मन लावून केला नव्हता.

"आई, गुरुवारी तू माझ्याबरोबर रांगेत उभी राहू नकोस."

"का गं? माझ्या तोंडाला वास येतो?"

"दिवसाला सहाशे माणसं तुझ्यासमोरून जातात."

आई कोपऱ्यावरच्या मोठ्या दुकानात गल्ल्यावर बसे. "मग त्या सहाशे जणांना तांदूळ कोण देणार? तुझा तक्ता?" एवढं म्हणून तिने डबा उचलला आणि ती निघून गेली. तिला लागलं होतं. याछिनची मान तक्त्यात होती, तिला ते दिसलं नाही.

तक्त्यातून नऊ रत्नं निघाली. सगळी सत्तरीच्या पुढची, गुडघे दुखणारी, घरकोंबडी. याछिन एकेक दार वाजवत गेली. पहिल्या मजल्यावरच्या फान आजींनी साखळी न काढताच ऐकून घेतलं.

"गुरुवारपर्यंत घराबाहेर पडायचं नाही, आजी. आणि मग माझ्याच रांगेत यायचं."

"आणि माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या? त्या काय पायांनी चालत येतील?"

"मी आणते."

सहाव्या मजल्यावर वेइ आजोबा मैनेच्या पिंजऱ्यापाशी बसले होते. ते निवृत्त हेडमास्तर. त्यांनी तक्ता चष्मा लावून वाचला, दोन चुका काढल्या आणि योजना मंजूर केली. "फक्त एक आहे. आमच्या बाईसाहेबांना ताजे किडे लागतात. वाळलेले दिले की पाठ फिरवून बसते."

"मी आणते," याछिन म्हणाली.

हे दोन शब्द इमारतीत वाऱ्यासारखे पसरले. संध्याकाळपर्यंत नऊ घरांतून नऊ याद्या आल्या. आल्याची साखर, निळी लोकर, गुडघ्याचा लेप, घड्याळाचा सेल. एकाला व्हिनेगर हवं होतं, पण ते काळंच, आणि तेही जुन्या पुलाजवळच्या दुकानातलंच. म्हाताऱ्यांना घरात ठेवायचं तर बाहेर कुणीतरी जायलाच हवं, हे याछिनला पटलं, आणि ते 'कुणीतरी' आपणच आहोत हेही तिने दात ओठ खाऊन स्वीकारलं. औषधाच्या रांगेत ती राज्यशास्त्राची व्याख्या मोठ्याने म्हणे. पुढचा माणूस दचकून मागे बघे आणि तिला आपली जागा देऊन टाके.

फान आजींच्या गोळ्या आल्या, पण त्या पांढऱ्या निघाल्या. आजींच्या गुलाबी असत. पुन्हा फेरी. किडेवाल्याने सर्दीमुळे दुकान बंद केलं, म्हणून गान नदीपलीकडच्या बाजारात जावं लागलं. तिथे तीन किडेवाले होते, आणि मैनेची आवड कुणालाच माहीत नव्हती. म्हणून तिने तिघांकडूनही घेतले. निळी लोकर जरा जास्तच निळी निघाली. बुधवारी तिने हिशेबाच्या पेपरातली दोन गणितं बसच्या थांब्यावर सोडवली आणि चुकून त्याच कागदात आल्याची साखर बांधून घेतली.

"पोर गुणाची आहे," फान आजी जिन्यात म्हणाल्या. "पण किती भटकते गं बाई!"

गुरुवारी चार वाजता अंगणात टेबल लागलं. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखातला कर्मचारी, ज्याला सगळी वसाहत पांढरोबा म्हणे, कर्ण्यातून ओरडला, "दहा-दहा जण! टेबल पाचला उठेल! नंतर आलात तर निकाल रविवारी!"

याछिनची नऊ रत्नं ओळीने उभी होती. काय देखणी रांग होती ती! ती दहावी म्हणून मागे उभी राहायला गेली, तोच वेइ आजोबांनी काठी आडवी धरली.

"जरा लांब, पोरी."

त्यांनी कोटातून घडी घातलेला कागद काढला आणि वर्गात हजेरी घ्यावी तसा वाचला. "सोमवार, औषधाचं दुकान, दोनदा. मंगळवार, नदीपलीकडचा बाजार, बसने, जाऊन येऊन. बुधवार, लोकर, व्हिनेगर, पुन्हा लोकर. एकूण एकवीस फेऱ्या. सबंध इमारतीत पहिला नंबर."

"आजोबा, ते किडे तुमच्याच मैनेसाठी आणले ना!"

"किडे कुणासाठी आणले ते नळी विचारत नाही."

"राग मानू नकोस गं," फान आजी म्हणाल्या. "तूच शिकवलंस ना, फार फिरतो त्याच्याजवळ उभं राहायचं नाही. रविवारी माझा नातू यायचाय."

दहाव्या जागी त्यांनी चौथ्या मजल्यावरच्या एका बाईंना उभं केलं. त्या दिवाळखोर नवऱ्यावर रुसून वर्षभर घराबाहेरच पडल्या नव्हत्या. याछिनला रडू आलं आणि रागही आला. सगळ्यात वाईट म्हणजे वादात तिची बाजू लंगडी होती. तक्ता तिचाच होता, नियम तिचेच होते.

"ताई, इकडे की तिकडे?" पांढरोबा ओरडला. "पावणेपाच झाले!"

बाकीच्या रांगा भरल्या होत्या. तेवढ्यात फाटकातून निळ्या एप्रनमधली माणसं आली. दुकानातला मासेवाला, भाजीच्या ट्रकचा चालक, घरोघर पार्सल पोचवणारे दोघे, तिघी विक्रेत्या, रखवालदार, आणि सगळ्यांच्या मागे आई. नऊ जण. याछिनच्या तक्त्यात यांचे गुण मावले नसते.

आईने वेइ आजोबांची रांग बघितली, लेकीचा चेहरा बघितला. "एक जागा आहे," ती म्हणाली.

याछिनने घड्याळ बघितलं. परीक्षा द्यायची तर तोंड उघडावं लागणारच होतं. ती मासेवाल्याच्या मागे उभी राहिली, मुठी आवळल्या आणि आ केला.

शुक्रवारी दुपारी फोन वाजला. निर्दोष! ती घरातल्या चपला तशाच घालून दुकानात धावली. आई एका बाईंचा कोबी तोलत होती.

"आई, निर्दोष! सगळे दहाच्या दहा! मासेवालासुद्धा!"

"असणारच. आमची रोज पहाटे साडेपाचला तपासणी होते. एकेकाची, वेगळ्या नळीत. आदल्या दिवसाचा निकाल दाखवल्याशिवाय गल्ल्यावर बसू देत नाहीत. संध्याकाळी आम्ही उभे राहतो ते वसाहतीच्या शिक्क्यासाठी."

गावाला वळसा तर याछिनने आठवडाभर रोज घातला होता. कळसा कुठे होता ते तिला आत्ता दिसलं, आणि तिला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग तू बोलली का नाहीस?"

"नऊ दारं वाजवलीस. आपल्या घरात विचारलंस कधी?"

"चुकलं माझं, आई."

कोबीवाल्या बाई पिशवी धरून खोळंबल्या होत्या, पण कान टवकारून. आईने कोबी त्यांच्या पिशवीत टाकला आणि लेकीकडे नीट बघितलं. राग नव्हता. उलट एखादं जुनं कोडं सुटल्यासारखा तिचा चेहरा उजळला होता.

"दोन वर्षं तू का हुकतेस ते मला आज कळलं. उत्तरं येतात गं तुला. प्रश्न वाचायच्या आधीच तू लिहायला बसतेस."

शनिवारी सकाळी साडेआठला घंटा झाली. हॉलमधल्या सगळ्यांची पेनं सुरू झाली. याछिनने आपलं पेन टेबलावर आडवं ठेवलं, हात मांडीवर घेतले आणि पहिला प्रश्न तीनदा वाचला.