पायाला विचारणारे धोंडीअण्णा

धोंडीअण्णांना अंतर विचारलं की ते मैलात सांगत नसत, किलोमीटरात तर मुळीच नाही. पावलांत सांगायचे.

"बसस्टँड? आपल्या गेटापासून अकराशे चाळीस पावलं. उन्हाळ्यात. पावसाळ्यात चिखल चुकवत गेलास तर साठ वाढतेत."

बिदरच्या आमच्या वीज कचेरीत ते लाईन सुपरवायझर होते आणि मी टेंडर शाखेतला कारकून. सर्वेची मोजायची साखळी ताणली गेलीय अशी शंका आली की इंजिनिअर लोक ती जमिनीवर पसरून अण्णांना तिच्या कडेनं चालवायचे. हिशेब जुळला नाही तर साखळी बदलायची. अण्णा बदलल्याचं कधी ऐकिवात नाही.

औरादकडचा काटक देह, काळी छत्री, टायरच्या चपला. कुठल्याही प्रश्नावर उत्तर ठरलेलं : "नकाशाला काय विचारायलास? पायाला विचार." बहिणीच्या मुलीसाठी स्थळ बघायला गेले तर त्या मुलाला घेऊन भर उन्हात दोन कोस चालून आले. परत येऊन म्हणाले, "पोरगं चांगलं हाय. सावली आली की मला बसवायचं आणि आपण उन्हात उभं टाकायचं." तो नोकरी काय करतो, हे विचारायचं राहूनच गेलं होतं. लग्न झालं. संसार उत्तम चालला.

ही गोष्ट बिदर भराभर वाढत होतं तेव्हाची. गावाशेजारी कोळारला कारखान्यांची वसाहत उभी राहत होती आणि संध्याकाळी गावातले बल्ब पिकल्या टोमॅटोसारखे लाल व्हायचे. पिठाची गिरणी अर्ध्या दाण्यावर थांबायची. नवी मोठी लाईन आणल्याशिवाय इलाज नव्हता. तिच्यासाठी टेंडर निघालं आणि तीन गुत्तेदारांचे कागद आले. सगळ्यात कमी भाव हैदराबादच्या एका शेठचा. दुसरा सोलापूरकडचा. तिसरा जवळच्याच गावचा बसय्या. त्यानं आजवर लहानसहान लाईनीच ओढलेल्या.

आमचे साहेब म्हैसूरकडचे, सरळ मनाचे. शेठचा भाव कमी, तेव्हा काम शेठला, असं टिपण मी तयार केलं. सहीला नेलं तेव्हा अण्णा तिथं उभेच होते.

"साहेब, अकरावं कलम वाचा," अण्णा म्हणाले.

साहेबांनी वाचलं. भाव देण्याआधी आपण जागा स्वतः पाहिली आहे, असं तिघांनीही लिहून सही केली होती.

"ह्या लाईनीच्या सर्वेला मी दोन महिने तिथंच होतो. शेळ्या सोडून कुणी बघाय आलं न्हाई. आणि सह्या तर शेळ्यांच्या दिसत न्हाईत."

"हौदा?" साहेब म्हणाले. असं होय, म्हणायची त्यांची ही पद्धत. ती ऐकली की समजावं, साहेब विचारात पडले.

त्यांना विचारात पाडणारं कारणही होतं. आधीच्या एका लाईनीचं काम असंच न बघता भाव देणाऱ्या माणसाला गेलं होतं. वर बोटभर माती आणि खाली लाल दगड लागला, तसा तो खड्डे उघडे टाकून पळाला. त्या खड्ड्यांत दोन म्हशी पडल्या. त्या लाईनीवरच्या गावात दीड वर्ष अंधार राहिला आणि दवाखान्यात डॉक्टर कंदील धरून टाके घालत राहिले.

साहेबांनी तिघांनाही पत्रं धाडली : येऊन जागा बघा, आमचे सुपरवायझर दाखवतील. दाखवतील म्हणजे चालवतील, हे पत्रात लिहिलं नव्हतं.

वैशाखातलं ऊन. शेठ पांढरा सफारी आणि टोकदार बूट घालून आले. पहिल्याच ओढ्यापाशी लिंबाखाली बसले आणि म्हणाले, "अण्णा, बाकी का हम कागद पे देख लेंगे."

"कागद पे पाँव नै जलते, शेठ," अण्णा म्हणाले आणि पुढं निघाले. सोलापूरवाल्यानं आपला मॅनेजर पाठवला होता. तो दुपारपर्यंत टिकला आणि मग एका बैलगाडीत बसून निघून गेला.

बसय्या मात्र दोन दिवस चालला. हातात पहार. जिथं टॉवर यायचा तिथं ठोकायचा, माती चिमटीत घ्यायचा, काळ्या रानातल्या भेगांत हात घालून बघायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो कचेरीत आला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "साहेब, माझा भाव चुकलाय. एवढ्यात पाया होत न्हाई. मला काम देऊ नका."

मला हसू आलं. अण्णांचा चेहरा मात्र स्थळ पसंत पडल्यासारखा फुलला. बसय्या गेल्यावर साहेबांना म्हणाले, "आता काय बघायचं राह्यलंय? जो माणूस चुकलं म्हणतोय तो खड्डा अर्धा सोडून जात न्हाई."

पण चांगला माणूस म्हणून काम देता येत नाही. कायद्यानं जायचं तर एकच वाट होती. साहेबांनी तिन्ही टेंडरं रद्द केली, जमिनीचा खरा अहवाल जोडला आणि नव्यानं भाव मागवले.

त्यात चार महिने गेले आणि गाव खवळलं. गिरणीवाले, दुकानदार हातात कंदील घेऊन भर दुपारी कचेरीसमोर बसले. वरून कागद आला : उशीर कुणामुळं? अण्णा म्हणाले, "माझं नाव लिव्हा." त्यांच्या नावानं मेमो निघाला. त्याचं उत्तर त्यांनी एका ओळीत दिलं : "पायाला विचारा." ती ओळ मी काढून टाकली आणि पानभर नम्र मजकूर टाईप करून त्यांची सही घेतली. वाचून म्हणाले, "एवढं कामून वाढवलास? अर्थ तेवढाच निघायलाय."

नव्या फेरीत शेठ आलेच नाहीत. सोलापूरवाल्याचा भाव बसय्याच्या वर गेला. काम बसय्याला मिळालं आणि त्यानं एकही खड्डा उघडा न ठेवता ते पुरं केलं.

लाईन चालू करायचा दिवस उजाडला. पुढच्या वर्षीच्या थंडीतली धुक्याची सकाळ. कोळारला मांडव, हार, मंत्री. साहेबांनी अण्णांसाठी पहिल्या रांगेत खुर्ची ठेवली होती, पण अण्णांचा पत्ता नव्हता. शोधायला मला जीप देऊन पाठवलं.

लाईनीच्या कडेकडेनं बराच वेळ गेल्यावर दोन टॉवरांच्या मधे, तारांपासून थोड्या अंतरावर एक खोपट दिसलं. अंगणात बाजेवर अण्णा बसले होते. शेजारी एक म्हातारी, त्यांचा हात घट्ट धरून. तेवढ्यात तिकडं बटण दाबलं गेलं असावं. ओल्या हवेत तारा गुणगुणू लागल्या.

म्हातारी दचकली. "बाबा, काय बोलायलंय रे वर?"

"काही न्हाई, माय. काम करायलंय ते. घाबरायलीस कामून? मी बसलोय न्हवं."

तारेतून आग पडून खोपट जळेल, या भीतीनं तिनं खड्डे खणायला आलेल्यांना काठी घेऊन हाकललं होतं. तेव्हा अण्णांनी तिला शब्द दिला होता : "चालू होईल त्या दिवशी तुझ्या अंगणात येऊन बसतो. जाळलं तर आधी मला जाळंल."

"अण्णा, साहेब बोलवायलेत. मंत्री आलेत," मी म्हणालो.

"साहेबाला सांग, हितलं काम अजून संपलं न्हाई."

जीप मी परत पाठवली. म्हातारीचा हात सुटायला दुपार झाली. मग तिनं कोंबड्या सोडल्या, चूल पेटवली आणि निघताना फडक्यात भाकरी-पिठलं बांधून दिलं.

गावात आल्यावर अण्णा म्हणाले, "चल घरी, जेवू." नऊ वर्षांत त्यांच्या घरी मी कधी गेलो नव्हतो. आम्हा सगळ्यांना वाटायचं, माणूस पाचाच्या ठोक्याला निघतो म्हणजे घरी गोतावळा असेल. त्यांनी कुलूप काढलं. एक खोली, सारवलेली. गुंडाळलेली सतरंजी. फडताळातून त्यांनी ताट काढलं, धुऊन माझ्यापुढं ठेवलं आणि आपल्यासाठी डब्याचं झाकण घेतलं.

"दुसरं ताट न्हाई का, अण्णा?"

"लागलंच न्हाई कधी," ते भाकरी मोडत म्हणाले. मग, माझ्याकडं न बघता : "उद्या बी येशील का? भाकरीसंगं कोरड्यास मी करतो."

रविवारी मी बाजारातून एक ताट घेऊन गेलो. "हे कामून आणलास?" म्हणून ते रागावले. मग छत्रीच्या फडक्यानंच पुसून त्यांनी ते फडताळात आपल्या ताटाशेजारी उभं करून ठेवलं, आणि मागं सरून थोडा वेळ दोन्हींकडं बघत राहिले.