सुभद्रामावशींच्या अंगातलं शिसं

आमच्या नेमबाजी क्लबात नोकरी सोडणाऱ्या बाईला अंगात मुरलेलं शिसं आधी जमा करावं लागतं. शिसं क्लबाचं असतं, असा साधा नियम आहे.

मैदानावर आम्ही तिघी काम करतो. सभासद हवेत उडालेल्या मातीच्या तबकड्यांवर बंदुका झाडतात आणि शिशाचे छर्रे पलीकडच्या माळावर पडतात. तिथली बोटभर माती आम्ही खरवडतो, चाळतो, छर्रे धुऊन वाळवतो आणि उतरत्या फळीवरून सोडतो. गोल छर्रा सरळ खाली डब्यात जातो, तो पुन्हा काडतुसात भरतात. चेपलेला वाटेतच कडेला घरंगळतो, तो भंगार. भंगार फाटकाबाहेर जातं. बाकीचं शिसं जात नाही.

सुभद्रामावशींनी हे बावीस वर्षं केलं. त्यांच्या हिरड्यांवर निळी रेघ आली, हात कापायला लागले, तरी त्या कधी बोलल्या नाहीत. पण यंदा श्रावणात त्यांच्या लेकीचं दुसरं बाळंतपण होतं आणि लेकीला सासू नव्हती. मावशींनी राजीनामा दिला.

स्टोअर सांभाळणारे दिघेसाहेब म्हणाले, "जा ना मावशी, कोण अडवतंय? शिसं तेवढं ठेवून जा."

"ते कसं काढू, साहेब?"

"मला काय ठाऊक? मी घातलं का?"

"डॉक्टर म्हणतो, हाडांत गेलंय."

"मग हाडांसकट जमा करा."

आमची लता म्हणाली, "साहेब, हातमोजे दिले असते तर एवढं शिसं चोरीला गेलं नसतं."

दिघेसाहेबांनी तेही लिहून घेतलं.

दोन दिवस कागद फिरले. मावशी आणि शिसं वेगळं करता येत नाही, असं ठरलं. म्हणून साहेबांनी मावशींची नोंद शिसं म्हणूनच केली आणि फळीवरून सोडायचा हुकूम दिला. कडेला गेल्या तर भंगार, म्हणजे मोकळ्या. सरळ गेल्या तर वापरात.

आम्ही दोघींनी मावशींना परोपरीनं समजावलं.

"मधेच अंग टाकायचं, मावशी. डावीकडे नाहीतर उजवीकडे, कुठंही."

"कळतंय गं मला," त्या म्हणाल्या. "लहान आहे का मी?"

सकाळी त्यांनी पदर खोचला, गुडघे पोटाशी घेतले आणि फळीवर आडव्या झाल्या. आम्ही सोडलं. कुठल्याही कडेला न शिवता मावशी सरळ खाली गेल्या. साहेबांनी डब्यात वाकून पाहिलं आणि वहीत 'उत्तम' लिहिलं.

लता रडायलाच लागली. "काय केलंत हे, मावशी?"

"अगं, वाकडं जाणारं सगळं जन्मभर मीच बाजूला काढलं," मावशी डब्यातून म्हणाल्या. "मला नाही जाववलं."

रविवारी स्पर्धा होती. मावशींना तिसऱ्या फेरीत काडतुसात भरलं. तबकडी फुटली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. सोमवारी आम्ही माळावरून त्यांना खरवडून काढलं, तीन पाण्यांनी धुतलं, उन्हात पसरलं. जरा सुकल्यावर त्यांनी आधी हेच विचारलं, "फोन आला का गं?"

"आला. मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत."

"अंघोळ कोण घालतंय पोरीला?"

आम्हाला ते माहीत नव्हतं.

"लावा, फळी लावा लवकर," मावशी म्हणाल्या.

या वेळी आम्ही फळीच कलती धरली. एक कड माझ्या खांद्यावर, दुसरी लताच्या गुडघ्यापाशी. अशा फळीवरून साधं लिंबूसुद्धा सरळ गेलं नसतं. दिघेसाहेब समोरच उभे होते. त्यांनीच वॉचमनला फाटक उघडायला सांगितलं.

मावशी सरळ डब्यात गेल्या.