चिपोल्लादेवीची ओटी

मी शब्दाचा पक्का माणूस आहे. विंचूरच्या कांदा मार्केटात कुणालाही विचारा! सोमनाथशेठची बोली एकदा तोंडातून गेली की गेली. त्यामुळे मंजुषाने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीने, अट घातली की "इटलीत आठ दिवस कांद्याचं नाव काढायचं नाही," तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो, "बस, एवढंच? दिला शब्द!"

तिचंही बरोबर होतं. आमच्या घरात सकाळी आवक, दुपारी भाव आणि रात्री निर्यातबंदी, एवढ्यावरच बोलणं होतं. लग्नानंतर महाबळेश्वरला गेलो, तेव्हा पॉइंटवर उभं राहून मी तिला कांद्याच्या चाळीत हवा खेळती कशी ठेवायची ते समजावलं, असं ती सांगते. मला आठवत नाही, पण समजावलं असेल.

सहल ठरवली आमच्या निकिताने. ती पुण्यात नोकरीला. भाड्याची गाडी घ्यायची, समुद्राच्या कडेकडेने सावकाश जायचं, मनाला येईल तिथे थांबायचं.

"बाबा, कुठला भाग घेऊ?"

"कॅलाब्रिया!" मी चटकन म्हणालो.

"तोच का?"

"समुद्र निळा असतो म्हणे."

आता तुमच्यापासून काय लपवायचं! कॅलाब्रियात ट्रोपेया नावाचं गाव आहे, आणि तिथला लाल कांदा जगात नावाजलेला आहे. इतका गोड की कच्चा खातात! नाव काढायचं नाही, असं ठरलं होतं. बघायचा नाही, असं कुठे ठरलं होतं?

तिकडे गाडी उजव्या बाजूने चालवतात आणि स्टिअरिंग डावीकडे असतं. मी बैलगाडीच्या वेगाने निघालो. मागचे इटालियन हॉर्न वाजवून थकले, मग हात बाहेर काढून काहीतरी बोलू लागले. भाषा कळत नव्हती, पण अर्थ आपल्या नाशिकच्या द्वारका चौकातलाच होता. मंजुषा मात्र खूश! समुद्र तिच्या खिडकीत आणि शेतं माझ्या खिडकीत. याहून चांगली वाटणी भावाभावांतसुद्धा होत नाही.

"अहो, किती निळं हे!"

"हो ना, आणि पात बघ कशी हिरवी..."

"कसली पात?"

"पातळी! पाण्याची पातळी!"

जीभ चावून चावून सुजायची वेळ आली. तेवढ्यात रस्त्यावर पहिली पाटी आली. त्यावर लालभडक चित्र, खाली फुगीर, वर निमुळतं. तिकडचा कांदा लांबट असतो, आपल्यासारखा गोल नाही. त्यात मंजुषाचा चष्मा पर्समध्ये.

"अहो, हे लाल घुमटाचं देऊळ कुठलं? काय लिहिलंय, सिपोला?"

"चिपोल्ला," मी म्हणालो. चिपोल्ला म्हणजे कांदा, इतपत इटालियन मी व्हिडिओ बघून शिकलो होतो. "चिपोल्ला रोस्सा. इथली... देवी आहे."

कसं बोलून गेलो, देव जाणे! मंजुषाने लगेच हात जोडले. त्यानंतर दर वळणावर पाटी, आणि दर पाटीला नमस्कार. ओठ हलायचे, डोळे मिटायचे. मला आधी हसू येत होतं. मग हळूहळू घाम यायला लागला.

त्यात गोटीरामचा फोन आला. हा माझ्या आडतीवरचा जुना माणूस. निघताना मी त्याला बजावलं होतं की कांद्याला फोनवर पाहुणे म्हणायचं. पण भाड्याच्या गाडीत फोन आपोआप स्पीकरला जोडला जातो, हे मला कुणी सांगितलं होतं?

"भाऊ! पाव्हणे लय आले! पार रस्त्यापर्यंत लाईन हाय!"

"नंतर बोलू रे..."

"आन् आतले पाव्हणे सडाया लागले, भाऊ! वास सुटलाय!"

मी फोन तोडला.

"कुणाचे पाहुणे सडले?" मंजुषाने विचारलं.

"कंटाळले, असं म्हणतोय तो. लग्नघर आहे."

पुढच्या पाटीला मात्र ती बराच वेळ डोळे मिटून बसली.

ट्रोपेयाजवळ कार्मेलाबाई नावाच्या एका आजीच्या घरी आमची उतरायची सोय होती. दुसऱ्या दिवशी मी आंघोळ करून बाहेर आलो, तर मंजुषा पैठणी नेसून तयार! ताटात खण, तांदूळ, हळदकुंकू. नारळ मिळाला नाही म्हणून लिंबू. कार्मेलाबाईंसमोर हात जोडून ती म्हणत होती, "चिपोल्ला! चिपोल्ला रोस्सा!"

म्हातारी हरखून गेली. आपल्या कांद्यासाठी परदेशातली बाई रेशमी लुगडं नेसून हात जोडतेय, हे तिने जन्मात पाहिलं नसेल! तिने एप्रन काढून फेकला आणि सरळ आमच्या गाडीत जाऊन बसली.

"चला," मंजुषा म्हणाली, "या बाई आपल्याला देवळात नेतायत."

"आज बंद असेल गं..."

"देवीच्या दारात येऊन मागं फिरू?"

कार्मेलाबाईंनी आम्हाला भावाच्या शेतावर नेलं. मोठी शेड. आत आढ्यापासून जमिनीपर्यंत पातीला पात गुंफलेल्या लाल कांद्याच्या वेण्याच वेण्या! मंजुषा ताट घेऊन उंबऱ्यात थबकली. पर्समधून चष्मा काढला. तो लावला. एकदा वर बघितलं, एकदा खाली बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"अहो, हा कांदा आहे."

"लांबट आहे गं..."

तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तिने शांतपणे कार्मेलाबाईंना कुंकू लावलं आणि त्यांची ओटी भरली. म्हातारीचे डोळे भरून आले. तिच्या भावाने एक जाडजूड वेणी हारासारखी माझ्या गळ्यात घातली. आणि मी काय करावं? बोट आपोआप कांद्यावर गेलं, दाबून बघितला, आणि त्या भल्या माणसाला खुणा करून विचारलं, "किती दिवस टिकतो?" त्यालाही असंच गिऱ्हाईक हवं होतं. त्याने मला सगळी शेड फिरवून दाखवली. बाहेर आलो तेव्हा मंजुषा गाडीत बसली होती, ऊन कलायला लागलं होतं.

परतताना कार्मेलाबाईंना घरी सोडलं आणि आम्ही दोघंच पुढे समुद्राकडे गेलो.

"रागावलीस?"

"नाही."

"पाटीपाटीला काय मागत होतीस?"

ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. "एवढंच, की हा माणूस एकदा तरी माझ्याशी दुसरं काहीतरी बोलू दे. आपल्या दोघांचं काहीतरी."

बिचारीने साकडं घातलं ते कांद्यालाच, आणि तेही माझ्या सांगण्यावरून. मला माझीच लाज वाटली. गाडी कडेला घेतली, गळ्यातली वेणी काढून मागच्या सीटवर टाकली.

"बोलू या," मी म्हणालो. "आत्ताच बोलू या."

ती माझ्याकडे वळली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा समुद्राकडे पाठ करून बसली.

"बोला."

मी तोंड उघडलं. समोर एवढा समुद्र, शेजारी इतक्या वर्षांची बायको, आणि मला विषय सापडेना! इकडे शोधला, तिकडे शोधला. ती वाट बघत होती. शेवटी म्हणालो, "इथे पाऊस किती पडत असेल गं?"

"कशासाठी विचारताय?"

"सहज."

"कांद्यासाठी?"

आता पुढे करायला देवीही उरली नव्हती. मी गाडी सुरू केली.